कालिंदीबाई रेडीज यांचं गुप्त मत

पोर्टस्कारच्या पोटनिवडणुकीत माझी आई प्रचंड बहुमताने निवडून आली. ती उमेदवार नव्हती.

हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सरकारदरबारी असं काही घडलेलं नाही. निकालपत्रात आईचं नाव नाही, विधानसभेत तिची खुर्ची नाही, आणि याबद्दल तिच्यासमोर ब्र काढायची घरात कुणाची हिंमत नाही. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून चालू. निवडणूक अजून लागलेली नाही. आई स्वयंपाकघरात बांगडे साफ करते आहे, आणि इथले बांगडे गुहागरच्या बांगड्यांपुढे काहीच नाहीत हे त्या बांगड्यांनाच ऐकवते आहे.

पोर्टस्कार हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बंदर. इथे एक दीपगृह आहे, एकमेकांशी न बोलणारी दोन चर्च आहेत आणि एक छोटं हॉस्पिटल आहे. त्या हॉस्पिटलातल्या प्रसूती विभागात माझी बायको कर्स्टी नर्स होती. गावातली निम्मी शाळकरी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. मग सरकारला तो विभाग परवडेनासा झाला आणि तो टप्प्याटप्प्याने बंद व्हायला लागला. बायकांनी बाळंतपणासाठी डोंगर ओलांडून दोन तासांवरच्या शहरात जावं असं ठरायला लागलं. गेल्या हिवाळ्यात एक बाळ बर्फ काढणाऱ्या गाडीत जन्मलं. आईबापांनी कृतज्ञतेने त्याला गाडीच्या ड्रायव्हरचं नाव दिलं. त्या मुलीचं नाव हॅमिश आहे.

अशात इथल्या आमदारांनी समुद्री शेवाळाच्या कुठल्याशा प्रकरणात राजीनामा दिला. प्रकरण काय होतं ते कुणालाच नीट कळलं नाही, शेवाळालाही नसावं. पोटनिवडणूक लागली आणि कर्स्टी अपक्ष उभी राहिली. समोर मोठ्या पक्षाचे गॉर्डन टेट. टेट यांचे दात इतके सुंदर होते की विरोधकही त्यांच्या सभेला जात.

आणि आई. कालिंदी रेडीज, निवृत्त शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा. बाबा गेल्यावर मी तिला इथे आणलं. कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही इथे स्कॉटलंडच्या निवडणुकीत मत असतं, त्यामुळे तिलाही होतं. घरात एक मतदार वाढला म्हणून कर्स्टी खूष झाली. निवडणूक जाहीर झाली त्या संध्याकाळी तिने आईसाठी खास खिचडी केली, वर तूप घातलं, ताट पुढे केलं.

आईने ताट अदबीने बाजूला सारलं.

"मला नको गं. आजपासून आचारसंहिता लागली."

"काय लागली?" कर्स्टीने मला विचारलं.

मी समजावलं. आमच्याकडे निवडणुकीचं काम शाळामास्तरांकडे येतं. आईने उभी नोकरी मतदान केंद्रांवर काढली होती. डोंगरातल्या केंद्रावर आदल्या दिवशी पेट्या घेऊन चालत जायचं, शाळेच्या जमिनीवर झोपायचं, आणि कुठल्याही उमेदवाराकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही. एकदा सरपंचाने पाठवलेलं जेवण तिने परत पाठवलं आणि चुरमुऱ्यांवर रात्र काढली.

"पण आई, तुम्ही आता रिटायर आहात," कर्स्टी म्हणाली.

"तू आहेस ना उमेदवार?"

"आहे."

"मग?"

त्या दिवसापासून आई स्वतःचं वेगळं रांधून जेवायला लागली. त्याच ओट्यावर, त्याच गॅसवर, सुनेच्या शेजारी उभी राहून. मला ते विनोदी वाटलं. कर्स्टीला नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, आई तिच्याबद्दल कधी वाईट बोलली नव्हती. चांगलंही बोलली नव्हती. मराठी शिकून घेतलं तेव्हा नाही, बाबांच्या आजारपणात कर्स्टी महिनाभर चिपळूणच्या हॉस्पिटलात बाकावर झोपली तेव्हाही नाही.

"सोम, मला जिंकायचंय ते त्या विभागासाठी," कर्स्टी बेसिनशी उभी राहून म्हणाली. "पण खरं सांगू? मला एकच मत हवंय. ते मिळालं तर बाकीच्यांची मी काळजी करणार नाही."

आता माझ्या धंद्याविषयी.

पोर्टस्कारच्या जुन्या धक्क्यावर हिवाळ्यात संध्याकाळी पक्षी जमतात. आपल्याकडच्या भोरड्यांचे भाऊबंद. हजारोंनी येतात आणि झोपायच्या आधी आकाशात फिरतात. तो थवा म्हणजे धुराचा एखादा जिवंत डोंगर वाटतो. तो लांबतो, पिळला जातो, एका जागी काळा होतो, फाटेल असं वाटतं, आणि एका क्षणात अख्खाच्या अख्खा वळतो. आईला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा ती पदर धरून उभीच राहिली. "यांना सांगतं कोण रे वळायला?" एवढंच म्हणाली.

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी कॅमेरे लावून एकेक पक्षी मोजला. उत्तर असं निघालं, की सांगत कुणीच नाही. थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक पक्षी फक्त आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडे बघतो. ते वळले की हा वळतो. पण थवा कायम अशा अवस्थेत तरंगत असतो की जराशा धक्क्याने काहीही व्हावं. उकळायच्या बेतात आलेल्या पाण्यासारखा. म्हणून काठावरचा एक पक्षी वळला की ते वळण ठिणगीसारखं सातांमधून सातांत जातं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचतं.

मी ज्या कंपनीत काम करतो तिला पुढची गोष्ट सुचली. माणूस शेकडो लोकांच्या पोस्ट बघतो, पण मत बदलतो ते सातेक जणांकडे बघूनच. समाजमाध्यमांवरून ते सात कोण हे काढता येतं. मग एका मतदारसंघाचा थवा मांडायचा, आणि या घटकेला काठावरचा पक्षी कोण हे शोधायचं. एवढ्या एका माणसाला वळवलं की काम झालं. या यंत्रणेला मी सप्तर्षी नाव दिलं. मार्केटिंगवाल्यांना त्याचा उच्चार जमेना, म्हणून ते फार पवित्र असावं असं त्यांनी ठरवून टाकलं.

सप्तर्षीचे डोळे म्हणजे वर्तमानपत्र. 'पोर्टस्कार बीकन' छापून यायचं थांबून जमाना झाला होता. त्याऐवजी महिन्यातून एकदा घरी एक कागद येतो. खराखुरा, घडीचा, हातात कुरकुरणारा. त्याच्यावरची शाई रोज पहाटे स्वतःहून नवी मांडणी करते. कागदात केसाहून बारीक तंतू असतात, ते उजेडावर चार्ज होतात. कुठलं पान उघडं आहे, कुठल्या बातमीवर बोट टेकलंय, किती वेळ, हे सगळं ते कळवतात. तुम्ही ज्यावर थांबता त्यातलं जास्त तुमच्या पानावर येतं. त्यामुळे एका घरात नवऱ्याचं 'बीकन' आणि बायकोचं 'बीकन' ही दोन वेगळी वर्तमानपत्रं असतात. पोर्टस्कारमध्ये यावरून एक घटस्फोट झाला होता. ती बातमी दोघांच्याही अंकात वेगवेगळी आली.

सप्तर्षी दोन्ही उमेदवारांनी भाड्याने घेतला होता, त्यामुळे स्पर्धा न्याय्य होती. काठावरचा पक्षी एरवी तासातासाला बदलतो. सकाळी बेकरीवाला, दुपारी दीपगृहाची राखणदार. पण प्रचार सुरू होऊन आठवडा उलटला आणि पडद्यावरचा लाल ठिपका एका जागी थिजला. मी पत्ता उघडला. पत्ता माझाच होता.

"कोण? मी?" कर्स्टीने विचारलं.

"उमेदवार धरत नाहीत."

"तू?"

"माझ्याकडे कोण बघतंय?"

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत फोडणी चरचरली.

यंत्रणेच्या मते श्रीमती कालिंदी रेडीज ही अख्ख्या मतदारसंघातली सर्वांत सखोल वाचक होती. सरासरी माणूस एका बातमीवर काही सेकंद थांबतो. ही बाई पोटनिवडणुकीच्या एकाच बातमीवर आठवडाभर थांबली होती. रात्रंदिवस. पुन्हा पुन्हा परत येत होती. बातमीवर जोरात हात दाबून धरत होती. आणि तरीही तिचा कल कुठे आहे हे कळत नव्हतं. सप्तर्षीच्या हिशोबात असा माणूस म्हणजे थव्याचा काठ.

दुसऱ्या दिवशी टेट आले. हातात ताजे बांगडे, तोंडभर दात. आईने त्यांना बसवलं, चहा दिला. बांगडे परत केले.

"मिसेस रेडीज, तुमच्या मनात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बघू," आई म्हणाली.

कर्स्टी दारात उभी होती. "आई, मलाही हेच उत्तर आहे का?"

"तूही उमेदवारच ना गं?"

टेट बाहेर पडताना मला म्हणाले, "विलक्षण बाई आहे. माझ्या आईने पण मला मत दिलं नव्हतं, पण तिने ते मोकळेपणाने सांगितलं होतं."

मग मतदारसंघाने वाकायला सुरुवात केली. सप्तर्षीने ठरवलं की या बाईला वळवायचं तर आधी लोकांच्या नजरेत ती हवी, म्हणजे तिच्या वळण्याचा उपयोग. त्यामुळे सर्वांच्या 'बीकन'मध्ये कुठे ना कुठे आई दिसायला लागली. साडीवर जीवरक्षक दलाचं पिवळं जाकीट घालून बाजाराला चाललेली आई. लोकरीच्या दुकानात बायकांच्या घोळक्यात विणत बसलेली आई. ती त्या बायकांना रोज सकाळी फोनवर फुलाचं चित्र आणि मराठी सुविचार पाठवायची. आता ते सुविचार सगळ्यांच्या फोनवर सगळ्यांत वर यायला लागले. एकालाही वाचता येत नव्हते, आणि त्यामुळे ते सगळ्यांना पटत होते.

एडिनबरोच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने फुलांवर अग्रलेख लिहिला. टेट यांची पत्रकं पिवळी होती. ज्या दिवशी आईने शेवंती पाठवली त्या दिवशी सट्टेवाल्यांकडे टेट यांचा भाव वधारला. दुसऱ्या दिवशी गोकर्ण आलं आणि जांभळ्या पत्रकांची कर्स्टी पुढे सरकली. तिसऱ्या दिवशी आईने निवडुंग पाठवला. सट्टाबाजार दुपारपर्यंत बंद ठेवावा लागला.

"तुम्ही हे मुद्दाम करता का?" मी विचारलं. घाबरलो की मी आईला अहो म्हणतो.

"काय करते?"

"फुलं."

"अरे, चिपळूणच्या शोभाने पाठवलेली पुढे ढकलते. न बघता."

त्या दिवशी मी तुरीची डाळ काढायला कपाट उघडलं. डब्याखाली काहीतरी हललं. मी डबा उचलला. फळीवर, फळीच्या मापात कापून, चारी बाजूंनी नीट दुमडून, 'पोर्टस्कार बीकन' अंथरलेलं होतं. डब्याच्या गोल डागात पोटनिवडणुकीची बातमी चमकत होती. उजेड पडल्याबरोबर तंतू जागे झाले आणि मथळा माझ्याकडे तोंड करून वळला.

मी खालची फळी पाहिली. तिथेही होतं. तांदळाखाली, गुळाखाली, पोह्यांखाली. महिना संपला की जुना कागद दुकानात परत द्यायचा असतो. आईने आयुष्यात रद्दी फुकट परत केली नव्हती. तिने कात्रीने त्याचे चार तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकडा यंत्रणेला स्वतंत्र वाचक म्हणून कळवत होता. कपाट उघडलं की वाचक परतला. डाळीचा डबा म्हणजे बातमीवर दाबून धरलेला हात. स्कॉटलंडमधल्या सर्वांत सखोल वाचक चार होत्या, चौघींचं नाव कालिंदी, आणि चौघींचं एकमत होतं.

मी कर्स्टीला बोलावलं. तिने फळ्या पाहिल्या, ओट्याला टेकली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली.

"म्हणजे लोक आठवडाभर तुरीच्या डाळीकडे बघतायत."

"तांत्रिकदृष्ट्या हो."

"काढ ते कागद, सोम. मी डाळीच्या जोरावर निवडून येणार नाही."

मी कागद काढले. पडद्यापाशी जाऊन बसलो. आता ठिपका हलणार, बेकरीवाल्याकडे जाणार. मी वाट बघितली. ठिपका जागचा हलला नाही.

मी आकडे उघडले. कागदांची आता गरजच उरली नव्हती. सप्तर्षीने चुकून आईकडे बोट दाखवलं होतं, म्हणून वर्तमानपत्रांनी तिला दाखवलं, म्हणून लोकांनी तिच्याकडे पाहिलं. घराघरांत, बोटींवर, दोन्ही चर्चांमध्ये, हजारो माणसांच्या सातांमध्ये खरोखर एक जागा आईने घेतली होती. चूक खरी झाली होती. मी शास्त्र शिकलेला माणूस, पण त्या क्षणी मला हात जोडावेसे वाटले. कुणाला ते कळलं नसतं, म्हणून जोडले.

मी आईला सगळं सांगितलं. ती ओट्याशी बसून ऐकत राहिली.

"म्हणजे मी जिकडे जाईन तिकडे लोक जाणार?"

"हो."

"आणि मी गेलेच नाही तर?"

"तर वाट बघणार."

"हे चांगलं नाही सौमित्र. हा दबाव झाला. केंद्रावर कुणी असं केलं असतं तर मी पोलीस बोलावला असता." मग तिने पदराला हात पुसले. "सभा कधी आहे?"

मतदानाआधीची शेवटची जाहीर सभा मच्छीमारांच्या सभागृहात होती. दोन्ही उमेदवार एका टेबलाशी, अध्यक्षस्थानी पाद्री, मागे चहाची किटली. हॉल गच्च भरला होता. प्रसूती विभागावर कर्स्टी चांगलं बोलली. कुणी ऐकलं नाही. सगळे तिसऱ्या रांगेकडे बघत होते. शेवटी लंडनहून आलेल्या एका वार्ताहराने उभं राहून आईलाच विचारलं, "मिसेस रेडीज, तुम्ही कुणाला मत देणार?"

किटलीचा आवाज कुणीतरी बंद केला. शेकडो फोन वर गेले. आई उठली. तिचं इंग्रजी फळ्यावरच्या अक्षरासारखं आहे, सरळ आणि मोठं.

"मत गुप्त असतं," ती म्हणाली. "विचारणाऱ्याने विचारू नये. विचारलं तर सांगणाऱ्याने सांगू नये. माझ्याकडे बघू नका. स्वतःच्या मनाने द्या. नमस्कार."

आणि बसली. तिला वाटलं, मिटलं.

मग मागे एका म्हाताऱ्या कोळ्याने टोपी काढली. मग दुसऱ्याने. मी फोनवर सप्तर्षीचा नकाशा उघडून बसलो होतो. मतदारसंघातला प्रत्येक माणूस म्हणजे एक बारीक बाण, पिवळ्याकडे किंवा जांभळ्याकडे तोंड केलेला. आणि ते वळले. हॉलमधले आधी, मग बंदरावरचे, मग डोंगरापलीकडचे, बेटांवरचे, हजारो बाण एका लाटेत. ती लाट नकाशाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाताना मी पाहिली. पिवळ्याकडे नाही, जांभळ्याकडे नाही. ज्या दिशेला उमेदवारच नव्हता अशा दिशेला. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट पाहिलेली नाही आणि ती माझी आई आहे हे मला त्या क्षणी लक्षातही आलं नाही.

कर्स्टीच्या लक्षात आलं. ती टेबलापाशी बसून आईकडे बघत होती.

"एक शब्द," घरी येताना ती म्हणाली. "एक शब्द पुरला असता, सोम. 'माझी सून' एवढंच म्हणाल्या असत्या."

आई आमच्या पुढे चार पावलं चालत होती. तिला ऐकू गेलं असावं. तिने मागे पाहिलं नाही.

मतदानाच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मतदान प्राथमिक शाळेत. इथे लोक मतदानाला कुत्री घेऊन येतात आणि त्यांचे फोटो टाकतात, ती जुनी प्रथा आहे. त्या दिवशी बऱ्याच कुत्र्यांना साडीसारखं काहीतरी नेसवलेलं होतं. आईने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आत गेल्यावर तिने केंद्राची पाहणी केली, पेटीचं सील तपासलं, आणि मतदानासाठी पेन्सिल ठेवलीय हे बघून हादरली. "पेन्सिल? खोडता येते!" मग तिने शाई लावायला डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. केंद्रावरच्या बाईंनी ते बोट प्रेमाने हलवलं आणि म्हणाल्या, "मलाही तुम्हाला भेटून आनंद झाला."

आई आडोशामागे गेली. बराच वेळ लागला तिला. मी आणि कर्स्टी दाराबाहेर उभे. कर्स्टीने माझा हात इतका आवळला होता की अंगठी रुतली. आई बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. यंत्रणेलाही ती वाचता आली नाही, मला काय येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडासंकुलात मोजणी झाली. पेट्या रित्या व्हायला लागल्या आणि मोजणाऱ्यांचे हात मंदावले. एक जण उठून उभा राहिला. संशयास्पद मतपत्रिका इथे उमेदवारांना दाखवतात, त्यांच्यासमोर निवाडा होतो. कर्स्टी आणि टेट यांना टेबलापाशी बोलावलं, मीही गेलो.

मतपत्रिकांचा ढीग माझ्या छातीपर्यंत होता. दोन्ही नावं कोरी सोडून खाली पेन्सिलीने लिहिलेलं: मिसेस रेडीज. रेडिच. रॅडिश. 'ती बाई'. 'जाकीटवाली'. काहींनी फूल काढलं होतं. एकाने नुसतं 'स्वतःच्या मनाने' लिहिलं होतं, आणि त्याखाली तेच वाक्य पुढच्या शेकडो पत्रिकांवर, प्रत्येकाच्या वेगळ्या अक्षरात, सगळ्यांनी अगदी स्वतःच्या मनाने. थरथरती अक्षरं, शाळकरी अक्षरं, मासे सोलून फाटलेल्या हातांची अक्षरं. टेट यांनी एक पत्रिका उचलली, वाचली, हळूच परत ठेवली. त्यांचे दात पहिल्यांदाच दिसत नव्हते.

"आपल्याकडे ही व्यक्ती उमेदवार नाही," निवडणूक अधिकारी म्हणाले. "बाद." मग पुढची. "बाद." ते दुपारपर्यंत तेवढा एकच शब्द बोलत होते, आणि अख्खं संकुल प्रार्थनेला उभं असल्यासारखं शांत होतं.

उरलेल्या वैध मतांचा गठ्ठा एका मुठीत मावेल असा होता. ती थव्यात नसलेल्या लोकांची मतं: ज्यांना 'बीकन' परवडत नाही ते, ज्यांना दिसत नाही ते, खोल समुद्रात जाण्याआधीच टपालाने मत दिलेले, आणि नियम मोडवत नाही असे काही. त्यात कर्स्टी जिंकली. अगदी थोडक्यात, बोटांवर मोजता येईल इतक्या मतांनी. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना.

आम्ही घरी आलो. आई दारातच उभी होती.

"काय झालं?"

"निवडून आले," कर्स्टी म्हणाली.

"ते नाही. बाद किती?"

कर्स्टीने सांगितलं. आई खुर्चीवर बसली. तिच्या केंद्रांवर वर्षानुवर्षं एखाददुसरं मत बाद व्हायचं, आणि त्या एकासाठी ती रात्रभर हळहळायची, हे मला माहीत होतं. ती रडत नव्हती. तळहात मांडीवर उलटे ठेवून नुसती बसली होती.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "इतक्या माणसांचं मत माझ्यामुळे वाया गेलं."

कर्स्टी तिच्यापुढे जमिनीवर बसली. बाळंतिणीशी बोलताना बसते तशी, गुडघ्यांवर. "आई, त्यांनी कुणावर तरी विश्वास ठेवला. ते वाया नाही जात. विभाग आता बंद होणार नाही, मी बघते. पण मला एक सांगा." तिने मूठ पुढे केली. "एकच. माझ्या मुठीतल्या मतांत तुमचं होतं का?"

मला वाटलं, आई आता बोलेल. तिने हात उचलला, कर्स्टीच्या कपाळावरची बट मागे सारली, आणि तसाच हात तिथे ठेवला.

"सगळ्यांनीच तुला दिलंय असं समजून काम कर," ती म्हणाली.

"हे उत्तर नाही."

"नाहीच आहे."

कर्स्टी आता एडिनबरोला जाते, भाषणं करते. विभाग चालू आहे. परवा मध्येच मला म्हणाली, "आमदारकी गेली तरी चालेल, पण ते कळायला हवं." म्हणून मी पुढील अर्ज केला आहे. मराठीत केला, कारण इंग्रजीत तो गुन्हा वाटत होता.

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी, पोर्टस्कार व बेटे मतदारसंघ.

विषय: एका मतपत्रिकेबाबत.

महोदय,

वरील विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर पोटनिवडणुकीच्या मतपत्रिका नियमानुसार वर्षभर सीलबंद राहून नंतर नष्ट करण्यात येणार आहेत. तत्पूर्वी, उपलब्ध सर्व अधिकारांचा व नसलेल्या अधिकारांचाही वापर करून, त्यांतील श्रीमती कालिंदी रेडीज यांची एक मतपत्रिका शोधून काढावी व तीवरील खूण कोणत्या नावापुढे आहे ते आपण एकट्याने पाहावे. खूण अर्जदाराच्या पत्नीच्या नावापुढे असल्यास, आपण एखाद्या सकाळी बंदरावरून जाताना तिला ओळखीचे हसावे. अन्य कोणाच्या नावापुढे असल्यास, तरीही हसावे.

अर्जदाराच्या आईस या अर्जाची प्रत देण्यात येऊ नये.

आपला विश्वासू,
सौमित्र रेडीज